घरच्या घरी व्हिडिओ रेकॉर्डिंग: पैसे कुठे घालायचे आणि कोणत्या क्रमाने

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचा हात स्थिर आहे तोवर ते काम नीट टिपून ठेवायचं मी ठरवलं आणि बहुतेकजण करतात तेच केलं: आधी कॅमेरा घेतला. पहिल्याच दिवशी बाबांनी एक जुनं चावीचं घड्याळ पूर्ण उघडलं आणि परत जोडलं. पाऊण तास ते बोलत होते. कॅमेरा मात्र २९ मिनिटं ५९ सेकंदांनी थांबला होता. पुढची पंधरा मिनिटं, म्हणजे बॅलन्सचं चाक बसतं आणि मेलेलं घड्याळ पुन्हा चालू लागतं तो भाग, कुठेच नाही. जो अर्धा तास हाती लागला, त्यातही बाबांच्या आवाजापेक्षा पंख्याची घरघर मोठी.

कॅमेरा बिघडलेला नव्हता. युरोपीय संघाच्या सीमाशुल्काच्या नियमांत सलग ३० मिनिटं किंवा त्याहून जास्त रेकॉर्ड करणारं यंत्र ‘व्हिडिओ कॅमेरा’ धरलं जायचं आणि त्यावर जास्त कर बसायचा. म्हणून फोटोचे कॅमेरे बनवणाऱ्या अनेक कंपन्यांनी एक सेकंद आधीच रेकॉर्डिंग थांबवायची सोय करून ठेवली होती. नवीन मॉडेलांत ही मर्यादा बहुतेक निघाली आहे, पण वापरलेला कॅमेरा घेणाऱ्याच्या वाट्याला ती आजही येते. घेण्याआधी माहितीपुस्तिकेतली ‘सलग रेकॉर्डिंगचा कमाल वेळ’ ही एक ओळ वाचली असती, तर ती पंधरा मिनिटं आज माझ्याकडे असती.

या सेटअपमध्ये खर्च वाढतो तो महाग वस्तूंमुळे कमी आणि खरेदीचा क्रम चुकल्यामुळे जास्त. म्हणून खाली तोच क्रम दिला आहे. किमती जागेप्रमाणे आणि महिन्यामहिन्याला बदलतात, तेव्हा रकमांऐवजी एकूण खर्च १०० धरून वाटे सांगते.

पायरी १: आधी एक पान लिहा

काय रेकॉर्ड करायचं आहे? बोलणारा माणूस, हातांचं काम, वाद्य, कॉम्प्युटरची स्क्रीन की गेम? एका बैठकीत सलग किती वेळ? रेकॉर्ड करून नंतर कापाकापी करणार की थेट प्रक्षेपण? एक कोन पुरेल की दोन लागतील?

हे कंटाळवाणं वाटतं, पण खर्चाचा निम्मा निकाल इथेच लागतो. स्क्रीनच रेकॉर्ड करायची असेल तर कॅमेराही नको आणि कॅप्चर कार्डही (कॅमेऱ्याचं चित्र कॉम्प्युटरला आणून देणारं यंत्र) नको. फुकटचं सॉफ्टवेअर आणि बरा माईक एवढ्यावर काम होतं. थेट प्रक्षेपण नसेल तर कॅप्चर कार्डाशिवाय वर्षानुवर्षं चालतं, कारण कॅमेरा किंवा फोन स्वतःच्याच मेमरीत रेकॉर्ड करतो. आणि तो कॉम्प्युटरपेक्षा जास्त भरवशाने करतो.

पायरी २: हातातल्या फोनवर दहा मिनिटं

काही घेण्याआधी फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवा आणि जे करायचं आहे ते दहा मिनिटं प्रत्यक्ष करून रेकॉर्ड करा. फोन एअरप्लेन मोडवर टाका. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, म्हणजे हात हलला की चित्र उजळ-काळं होत राहणार नाही. मग ते रेकॉर्डिंग हेडफोन लावून पूर्ण पाहा आणि खुपलेली प्रत्येक गोष्ट लिहून काढा.

माझ्या त्या कागदावर सात गोष्टी होत्या. पंखा, खोलीचा घुमारा, बाबांच्या हाताची त्यांच्याच कामावर पडणारी सावली, टेबल हलल्यावर थरथरणारी फ्रेम, अशा. चित्राचा दर्जा ही तक्रार त्यात सातवी होती. तुमचीही यादी बहुधा अशीच निघेल, आणि तीच तुमची खरेदीची यादी.

पायरी ३: आवाज (१०० पैकी ३५)

चित्र जरा मऊ असलं तरी माणूस पाहत राहतो. आवाज कळेना की दोन मिनिटांत बंद करतो. म्हणून सगळ्यात मोठा वाटा इथे.

माईक कोणता यापेक्षा तो तोंडापासून किती लांब आहे हे जास्त महत्त्वाचं. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने पडतो. पंखा आणि भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला भारी माईक आणि छातीवर एक वीत अंतरावर अडकवलेला साधा कॉलर माईक यांत कॉलर माईक जिंकतो. बोलणाऱ्या माणसासाठी नवख्याने वायरचा कॉलर माईक घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. वायरलेसची चार्जिंगची कटकट त्याला नाही.

फक्त पिन बघून घ्या. ३.५ मिलिमीटरच्या जॅकवर दोन काळ्या रेघा असतील तर तो सहसा कॅमेऱ्यासाठीचा, तीन असतील तर फोनसाठीचा. उलटसुलट लावला की आवाजच येत नाही, आणि माणूस चांगला माईक खराब समजून परत करतो. अनेक नव्या फोनना हे भोकच नसतं. तिथे यूएसबी-सीचा माईक किंवा ॲडॉप्टर लागतो आणि तो खर्च आधीच धरावा.

टेबलाशी बसून बोलणार असाल तर यूएसबी माईक चालतो. मोठा कंडेन्सर माईक घेतलात तर तो एकटा येत नाही. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माईकच्या केबलमधूनच मिळणारी वीज) लागते, ती देणारा ऑडिओ इंटरफेस लागतो, एक्सएलआर केबल लागते, स्टँड लागतो. शिवाय तो शेजारच्या खोलीतला मिक्सरही प्रामाणिकपणे टिपतो. उघड्या भिंतींच्या खोलीत मी तो कुणाला सुचवणार नाही.

खोलीवरचा खर्च जवळपास शून्य असू शकतो. जाड रजई बोलणाऱ्याच्या समोर, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागे टांगा. खाली सतरंजी घाला. कपड्यांचं कपाट उघडं ठेवा. एकदा टाळी वाजवून ऐका, रजई टांगून पुन्हा वाजवा. फरक कानालाच कळतो. अंडी ठेवायचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला चिकटवून मात्र काही साधत नाही. बोलण्याचा घुमारा शोषायला त्यांत पुरेसं वस्तुमानच नसतं.

रेकॉर्डिंगची पातळी अशी ठेवा की मोठ्यात मोठा शब्द उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान पोचेल. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि नंतर नीट सांधता येत नाही. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, ४८ किलोहर्ट्झ ठेवा, व्हिडिओत तोच चालतो.

दुसऱ्या खेपेला बाबांच्या शर्टाला कॉलर माईक होताच. एक घड्याळ जुळून झाल्यावर मी तो काढून घड्याळाशेजारी, चार बोटांवर, रुमालावर ठेवला. पंखा बंद, खिडकी बंद. बऱ्याच जुन्या मनगटी घड्याळांचे ठोके तासाला १८,०००, म्हणजे सेकंदाला पाच. ते पाचही वेगवेगळे ऐकू आले. हेडफोन बाबांच्या कानाला लावला तर ते लगेच म्हणाले, “हे लंगडतंय बघ, एक ठोका लांब पडतोय.” साध्या माईकने एवढं ऐकवलं.

पायरी ४: प्रकाश (२५)

सेन्सरला प्रकाश कमी पडला की कॅमेरा संवेदनशीलता वाढवतो आणि चित्रात दाणे येतात. लोक म्हणतात कॅमेरा चांगला नाही. बहुतेक वेळा खोली अंधारी असते.

पहिला प्रकाश खिडकीचा. माणसाला खिडकीकडे तोंड करून, थोडं तिरकं बसवा. खिडकी पाठीमागे नको. दुपारभर ढग येत-जात असतील किंवा रात्री काम करायचं असेल तर लाइट घ्यावाच लागतो. एक घ्या, पण मोठ्या पृष्ठभागाचा घ्या, म्हणजे सॉफ्टबॉक्स (लाइटभोवतीची पांढऱ्या कापडाची पेटी) किंवा छत्रीसकट. प्रकाशाचा उगम जितका मोठा आणि जवळ, तितकी सावली मऊ. छोटा उघडा एलईडी कितीही प्रखर असला तरी चेहऱ्यावर कडक सावल्याच पाडतो. अंतर दुप्पट केलं की प्रकाश चौथा हिस्सा उरतो, तेव्हा जास्त वॅटचा लाइट घेण्याआधी असलेला लाइट जवळ ओढून पाहा. तसा खर्च बरेचदा वाचतो.

खोक्यावर रंगांच्या अचूकतेचा सीआरआय आकडा बघा. ९५ च्या वरचा लाइट कातडीचा रंग नीट दाखवतो. ८० चा दिवा घरात ठीक वाटतो, व्हिडिओत चेहरा मेणासारखा दिसतो. दिवसाच्या उजेडाशी जुळवायचं तर ५६०० केल्विन. एका फ्रेममध्ये पिवळा बल्ब आणि पांढरी खिडकी एकत्र आणू नका. छतावरचे दिवे बंद करा आणि व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून ठरावीक आकड्यावर बसवा.

फ्रेममध्ये सरकते पट्टे दिसले तर तो विजेच्या वारंवारतेचा आणि शटरचा बेबनाव. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२०. या दुरुस्तीला पैसे लागत नाहीत, तरी यापायी लोकांनी लाइट बदललेले पाहिले आहेत.

पायरी ५: धरून ठेवणारं काहीतरी (१५)

ट्रायपॉड जड घ्या. प्लास्टिकचा हलका ट्रायपॉड दोनदा घ्यावा लागतो. हातांचं काम वरून टिपायचं असेल तर टेबलाला पकडणारा आडवा आर्म लागतो, आणि तो त्याच टेबलाला लावायचा नाही ज्यावर काम चाललं आहे. स्क्रू फिरवला की फ्रेम हलते. आर्म शेजारच्या स्टुलाला किंवा वेगळ्या स्टँडला लावा.

पायरी ६: साठवण (१५), जी सगळे विसरतात

इथे थोडं गणित करावं लागतं. बिटरेट म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट माहिती लिहिली जाते तो आकडा. त्याला ८ ने भागलं की सेकंदाचे मेगाबाइट मिळतात. फुल एचडी २० मेगाबिटने रेकॉर्ड केलं तर सेकंदाला अडीच मेगाबाइट, तासाला ९ गिगाबाइट. बरेच कॅमेरे फोर-के १०० मेगाबिटने करतात: सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, मिनिटाला ७५०, तासाला ४५ गिगाबाइट. म्हणजे ६४ गिगाबाइटचं कार्ड जेमतेम १ तास २५ मिनिटांचं. एक टेराबाइटच्या डिस्कवर असे बावीसेक तास मावतात, आणि दोन प्रती ठेवायच्या म्हणजे दोन डिस्क.

म्हणून नवख्याने फुल एचडीवर सुरुवात करावी. फोर-केची किंमत कॅमेऱ्याच्या पावतीवर दिसत नाही. ती कार्ड, डिस्क आणि कॉम्प्युटर या तिन्ही ठिकाणी पुन्हा पुन्हा भरावी लागते. हातांच्या बारीक कामात नंतर फ्रेम कापून जवळ जायचं असेल तेवढ्यापुरतं फोर-के घ्या; मी बाबांचा फक्त वरचा कोन फोर-केमध्ये घेते.

कार्डावर व्ही३० ही खूण बघा. सेकंदाला सलग किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची ती हमी असते आणि १०० मेगाबिटला ती भरपूर होते. मोठ्या अक्षरांत छापलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नव्हे. ३२ गिगाबाइटपर्यंतची कार्डं सहसा फॅट३२ पद्धतीची असतात. तिच्यात एक फाइल ४ गिगाबाइटच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून लांब रेकॉर्डिंग तुकड्यांत येतं. ते तुकडे पाहून घाबरू नका, एडिटिंगमध्ये एकामागे एक लावा. आणि नवीन कार्ड हाती आलं की आधी पूर्ण भरून, सगळं परत वाचून पाहा. नकली कार्ड छापलेल्यापेक्षा कमी जागेचं असतं आणि ते कार्ड भरत आल्यावरच उघड होतं.

पायरी ७: कॅप्चर कार्ड, लागणार असेल तरच

कॅमेऱ्याचं किंवा गेम कन्सोलचं एचडीएमआय चित्र कॉम्प्युटरला कळेल अशा रूपात आणून देणं, एवढंच याचं काम. पण फसगतही इथेच सगळ्यात जास्त होते.

स्वस्त कार्डांवर ‘फोर-के’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ बरेचदा एवढाच की आत फोर-के घातलं तर ते स्वीकारतं. बाहेर कॉम्प्युटरला देतं ते फुल एचडी, तेही दाबून. कारण साधं आहे. फुल एचडीची एक फ्रेम २० लाख ७३ हजार ६०० ठिपक्यांची. प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट धरले आणि सेकंदाला ३० फ्रेम, तर १२४ मेगाबाइट झाले, म्हणजे जवळजवळ १००० मेगाबिट. यूएसबी २.० ची कागदावरची कमाल ४८० मेगाबिट. त्यातून हे जाणारच नाही, म्हणून ते कार्ड प्रत्येक फ्रेम जेपेगसारखी दाबून पाठवतं. यूएसबी ३.० ची कमाल ५००० मेगाबिट आहे, तिथे ६० फ्रेमही न दाबता जातात.

बैठकीसाठी किंवा शिकवण्यासाठी चेहरा दाखवायचा असेल तर स्वस्त कार्ड पुरतं, उगाच महाग घेऊ नका. वेगवान गेम किंवा जपून ठेवायचं रेकॉर्डिंग असेल तर यूएसबी ३.० चं, आणि ‘यूव्हीसी’ लिहिलेलं घ्या. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. खोक्यावर ‘इनपुट’ आणि ‘कॅप्चर’ असे दोन आकडे शोधा. दुसरा आकडा दिलेलाच नसेल तर ते खोकं परत ठेवा.

कॅमेऱ्याकडून तीन गोष्टींची खात्री हवी. एचडीएमआयमधून बॅटरीची खूण, फोकसची चौकट वगैरे काही न दिसता स्वच्छ चित्र बाहेर पडतं का? कॅमेरा काही वेळाने आपोआप बंद होतो का, आणि ते थांबवता येतं का? विजेवर चालणारी डमी बॅटरी मिळते का? केबलही बघा: कॅमेऱ्यांना अनेकदा मिनी किंवा मायक्रो एचडीएमआय असतं. मायक्रोचं भोक नाजूक असतं, ओढ बसली की मोडतं आणि त्याची दुरुस्ती केबलच्या कितीतरी पट महाग पडते. केबल ट्रायपॉडच्या पायाला चिकटपट्टीने बांधा.

स्क्रीन पूर्ण काळी आली तर कार्ड खराब आहे असं लगेच समजू नका. चित्रपट वगैरे दाखवणारी यंत्रं एचडीसीपी नावाचं कुलूप लावून चित्र पाठवतात आणि कॅप्चर कार्ड ते उघडत नाही. प्लेस्टेशनमध्ये गेमपुरतं हे कुलूप सेटिंगमधून काढता येतं.

पायरी ८: कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर

सॉफ्टवेअरवर सुरुवातीला काहीही खर्च करू नका. रेकॉर्डिंगला ओबीएस स्टुडिओ, कापाकापीला केडेनलाइव्ह, शॉटकट किंवा डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती, आवाजाला ऑडॅसिटी. ओबीएसमध्ये एक सेटिंग पहिल्या दिवशीच करा: रेकॉर्डिंग एमकेव्ही स्वरूपात ठेवा. वीज गेली किंवा कॉम्प्युटर अडकला तर साधी एमपी४ फाइल उघडतच नाही. एमकेव्हीमध्ये तोवरचं सगळं शिल्लक राहतं. नंतर त्याच सॉफ्टवेअरमध्ये ती मिनिटभरात एमपी४ करता येते, दर्जा अजिबात न घटता.

फोनचा व्हिडिओ एडिटिंगमध्ये घेतल्यावर ओठ आणि आवाज हळूहळू जुळेनासे झाले, तर कारण फोनचा बदलता फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाच्या फ्रेमची संख्या. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून तो स्थिर करून घ्या आणि मगच कापायला बसा. मी चार तास आवाज मागेपुढे सरकवण्यात घालवल्यावर हे कळलं.

जुना कॉम्प्युटर अडखळत असेल तर नवा घेण्याआधी प्रॉक्सी वापरा: सॉफ्टवेअर मूळ फाइलींच्या हलक्या नकला करतं, तुम्ही त्यांच्यावर काम करता आणि शेवटी मूळ फाइल वापरली जाते.

पायरी ९: आता कॅमेरा

उरलेले १० वाटे केबल, ॲडॉप्टर, चिकटपट्टी आणि जास्तीचं कार्ड यांचे. म्हणजे पहिल्या १०० मध्ये कॅमेरा नाहीच, फोन आहे. सहा महिने नियमित रेकॉर्डिंग झालं आणि फोन नेमका कुठे अडवतो हे बोट ठेवून सांगता आलं, तरच कॅमेऱ्याचं वेगळं अंदाजपत्रक करा. माझा ठोकताळा असा, की कॅमेऱ्याच्या किमतीवर निदान निम्मी रक्कम आणखी लागते: लेन्स, डमी बॅटरी, कार्डं, केबल. ती धरून जमत नसेल तर खालचं मॉडेल घ्या. वापरलेला घेणार असाल तर स्वतः समोर बसून सलग चाळीस मिनिटं रेकॉर्ड करून पाहा. तो तापून बंद पडतो का आणि वेळेची मर्यादा आहे का, हे एका बैठकीत कळतं.

रोजचं, रेकॉर्ड बटण दाबण्याआधी

कार्डात किती मिनिटं उरली आहेत ते बघा. बॅटरी नव्हे, वीज जोडलेली आहे का बघा. दहा सेकंद रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका, नुसता मीटर हलताना पाहून समाधान मानू नका, कारण मीटर पंख्यानेही हलतो. दोन यंत्रं असतील तर सुरू केल्यावर फ्रेममध्ये एक टाळी वाजवा, जुळवताना तीच खूण लागते. बाबा टाळीऐवजी चिमट्याने टेबलावर एक टक् करतात, आणि ध्वनीच्या आलेखात ती रेघ लगेच सापडते.

काम संपलं की फाइली दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा आणि दोन्हीकडच्या फाइली उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट चालवून पाहा. त्यानंतरच कार्ड फॉरमॅट करा.